बाईंच्या बशा

आमच्या प्रयोगशाळेचा एक नियम होता: पेशींना जो खाऊ घालतो, तो त्या मोजत नाही. खाऊ घालायच्या आमच्या प्रमुख, बाई. मोजायची मी, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, मान मोडेस्तोवर. कुठल्या बशीत ग्रोथ फॅक्टर, म्हणजे नसा जगवणारं आमचं होऊ घातलेलं औषध, घातलाय हे मला मोजून झाल्यावरच कळायचं. दरवेळी फॅक्टरवाल्या जखमी चेतापेशी तग धरायच्या, बाकीच्या माना टाकायच्या. मला आनंदानं रडू यायचं.

कारण घरी धाकटा भाऊ होता. मोटरसायकलवरून पडून त्याच्या खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या, उजवा हात नुसता लोंबत होता. सर्जन म्हणाले होते, "ऑपरेशन लवकर करा. स्नायू वाळले की नस जोडूनही उपयोग नाही." त्याच सुमारास बाई आमच्याकडे जेवायला आल्या. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कापाकापीची घाई कशाला? आमचं औषध येतंय. चाचणीत पहिला तू." मीही मान डोलावली. तो थांबला, वर्षभराहून अधिक.

मध्यंतरी बाई तापानं आजारी पडल्या, म्हणून बशा मी भरल्या. सगळ्यांना सारखं अन्न, निम्म्यांत फॅक्टर. मोजायला दुसऱ्या मुलीला बसवलं. दोन्हीकडच्या पेशी जवळजवळ सारख्याच जगल्या. माझाच धांदरटपणा म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बाई परतल्यावर विचारलं.

"अगं, बिनफॅक्टरवाल्यांचं अन्न मी जरा पातळ करते," त्या चहा ढवळत म्हणाल्या. "नाहीतर फरक डोळ्यांत कसा भरणार?"

"म्हणजे त्या उपासमारीनं मरत होत्या?"

"फॅक्टर काम करतो गं, थोडं. आज ना उद्या सिद्ध होईलच."

"आणि माझा भाऊ?"

"त्याला काय बांधून ठेवलं होतं?" मग लाडीगोडीनं म्हणाल्या, "पण त्याचा फार उपयोग झाला हं. मोजणारी बहीणच सख्ख्या भावाला थांबवतेय म्हटल्यावर, निधी देणाऱ्यांनी पुढे प्रश्नच विचारला नाही."

या बाईला मी आईच्या जागी मानत होते. तिनं केसानं गळा कापला, वर शाबासकीही दिली. मला तिच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला.

भावाला घेऊन तडक सर्जनकडे गेले. वाटेत त्याला सगळं सांगितलं.

सर्जननी दंडात सुई घालून स्नायू तपासले. पडद्यावरची रेषा सपाटच राहिली. त्यांनी सुई काढली.

"फार उशीर केलात," ते चिडून म्हणाले. "कोणी थांबवलं तुम्हाला?"

भावानं माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "मीच घाबरलो."