दिवसाला चौदाशे चाळीस

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी मेलनं पाठवलेला माझा अहवाल तिसऱ्यांदा परत आला.

अहवाल पाण्याचा होता. एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे फिल्टर बदलले होते. नव्या फिल्टरमधून येणारं पाणी योग्य आहे, असं आमच्या प्रयोगशाळेनं लेखी कळवल्याशिवाय तिथलं एकही मशीन रुग्णाला लावायची परवानगी नव्हती. पाणी योग्य होतं. ते मी स्वतः तपासलं होतं. फक्त ते वाक्य आमच्या इमारतीतून बाहेर पडायला तयार नव्हतं.

तिथल्या सिस्टरांचा फोन आला. "मॅडम, चारची पाळी आहे. अकरा माणसं येऊन बसलीयेत. फिल्टरपायी त्यांची परवाची पाळी आधीच बुडालीय."

"आकडे फोनवर सांगितले तर चालतील?"

"फोनवर डॉक्टर माझंसुद्धा ऐकत नाहीत. तुमच्या कंपनीच्या पत्त्यावरूनच मेल यायला हवा. मागे कुणीतरी घरच्या पत्त्यावरून भलताच कागद पाठवला होता, तेव्हापासून नियम केलाय. आणि साडेचारपर्यंत मशीन लागलं नाही तर पाळी रद्द."

साहेबांनी छापील अहवाल देऊन ड्रायव्हरला लगेच पिटाळलं, पण रस्ता चार तासांचा होता. मग त्यांनी नाइलाजानं, नाइलाज लपवायचीही तसदी न घेता, मला म्हटलं, "दाजींकडे जा."

दाजी म्हणजे साहेबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साहेब त्यांना दाजी म्हणत, म्हणून आम्ही सगळेच म्हणत असू. जिन्याखालच्या खोलीत कंपनीचा मेल सर्व्हर होता आणि त्याच्याशेजारी दाजी. बहिणीचा संसार चालावा म्हणून त्यांना तिथे बसवलंय, असा सगळ्यांचा समज. "दाजींचं काम काय, तर सर्व्हरला वारा घालणं," असा विनोद आमच्या मजल्यावर चाले. मी तो कधी केला नाही, पण हसले आहे.

खोलीत पंख्याची एकसुरी घरघर होती. दाजींनी माझ्याकडून परत आलेलं पत्र मागितलं.

"काय लिहिलंय त्यात?"

"पोचवता आलं नाही, असं."

"ती पहिली ओळ झाली. पुढे?"

"पुढे यंत्राची भाषा आहे."

"यंत्राला कुठली भाषा, मॅडम! पलीकडे बसलेल्या माझ्यासारख्याच कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असतं. पत्र का घेत नाही याचं कारण देतो बिचारा. वाचत कुणी नाही." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग विचारलं, "तीनदा का पाठवलंत?"

"आमच्याकडे कुठलीही गोष्ट तीनदा केल्याशिवाय..."

"तपासणी करा तीनदा. ज्यानं एकदा दार लावलंय, त्याचं दार तीनदा वाजवलं तर तो उघडत नाही, चिडतो."

त्यांनी कामाला सुरुवात केली, आणि पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते मला अनोळखी नव्हतं. अनोळखी होतं ते त्या खोलीत दिसणं.

त्यांनी माझाच अहवाल आधी स्वतःच्या घरच्या पत्त्यावर पाठवला. पोचला. म्हणजे आमच्याकडून पत्रं बाहेर पडत होती. मग रुग्णालयाला अहवाल न जोडता एक ओळीचं पत्र पाठवलं. परत आलं. म्हणजे दोष अहवालाचा नव्हता. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. काय केलं, किती वाजता केलं, काय झालं, हे ते एका वहीत लिहीत होते. अक्षर मोत्यासारखं. माझ्या विभागातल्या पदवीधरांना हे शिकवताना माझी दोन-दोन वर्षं जातात.

"पत्रात म्हटलंय तेच खरं आहे," ते म्हणाले. "आपल्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत गेलाय. नको असलेली पत्रं पाठवणाऱ्यांची यादी असते, रुग्णालयवाले ती बघून पत्रं घेतात."

तेवढ्यात साहेब दारात आले. "मग नाव काढून टाका ना! फॉर्म असतो म्हणे."

"असतो."

"भरा की मग!"

"कारण सापडल्याशिवाय नाही. आत्ता काढलं आणि आपल्याकडून तसलीच पत्रं जात राहिली, तर तासाभरात परत लागेल. दुसऱ्यांदा ते इतक्या सहज काढत नाहीत."

"अहो दाजी, अडीच वाजलेत!" साहेबांचा आवाज चढला, पण बहिणीच्या नवऱ्याला 'अहो'शिवाय बोलता येईना, त्यामुळे तो पुरता चढेचना. "तिथे माणसं खोळंबलीयेत. मी सांगतोय म्हणून भरा."

"माणसं खोळंबलीयेत म्हणूनच," दाजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. आवाज जितका होता तितकाच राहिला. "मला पंधरा मिनिटं द्या. नंतर हवं तर तुमच्या ताईकडे तक्रार करा."

साहेब पाय आपटत गेले. त्या क्षणी मला जाणवलं, की जे उत्तर मी प्रयोगशाळेत कुणालाही दिलं असतं, ते देण्याचं धैर्य मला त्या दारात झालं नसतं.

दाजींनी नोंदी उघडल्या. कुठल्या संगणकावरून दिवसाला किती पत्रं जातात, याची उतरती यादी केली. सगळे आकडे पाच-पंचवीस-चाळीस असे होते. सर्वांत वर मात्र एकच मोठा आकडा होता, आणि सलग अकरा दिवस तोच.

"चौदाशे चाळीस," दाजी पुटपुटले. "माणूस रोज मोजून इतकी पत्रं पाठवणार नाही. हॅकर असता तर हजारोंनी पाठवली असती. हा आकडा..."

"मिनिटं," मी म्हणाले. "दिवसात चौदाशे चाळीस मिनिटं असतात. मिनिटाला एक पत्र."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. "मॅडम, तुमच्याकडे मिनिटाला एकदा काय होतं?"

उत्तर माझ्या तोंडात आलं तेव्हा कानशिलं तापली होती. अकरा दिवसांपूर्वी मी नमुन्यांचा मोठा फ्रीझर साफ करून पुन्हा चालू केला होता. त्याच्या तापमापकाला धोक्याची मर्यादा मीच घालून दिली होती: उणे अठ्ठ्याहत्तर. फ्रीझर चालत होता त्याहून किंचित वर, उणे सत्त्याहत्तर पूर्णांक सहावर. नमुन्यांना त्यानं काही होत नव्हतं, पण तापमापक इमानेइतबारे दर मिनिटाला धोक्याचं पत्र धाडत होता. आणि ते मला येत नव्हतं, कारण त्यात पत्ता होता आमच्या आधीच्या विभागप्रमुखांचा, तोही घरचा. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तो पत्ता बदलायचं काम माझं होतं.

"त्यांनी ते खातं बंद केलं असणार," दाजी म्हणाले. "असे मेलेले पत्ते काही लोक सापळा म्हणून वापरतात. तिथे आलेलं पत्र परत पाठवत नाहीत, गुपचूप मोजतात. जो मेलेल्या माणसाला, तेही मिनिटाला एक पत्र लिहितो, तो सरळ माणूस कसा असेल?"

"ते जिवंत आहेत. बागकाम करतात."

"छान! मग एकदा फोन करा त्यांना," दाजी म्हणाले आणि हसले. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी वर जाऊन मर्यादा आणि पत्ता दोन्ही बदलले. खाली आले तेव्हा ते नोंदी पाहत बसले होते. पाच मिनिटं तापमापकाचं एकही पत्र गेलं नाही, तेव्हा त्यांनी फॉर्म उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "कारण आणि उपाय लिहायचाय. तुम्ही नेमकं लिहाल."

मी चार वाक्यं लिहिली. दुसऱ्या वाक्याचा कर्ता मी होते. दाजींनी वाचून मान डोलावली आणि एकही शब्द न बदलता पाठवलं.

तीन बारा झाले होते. नाव यादीतून उतरलं तीन एकवीसला. माझा हात माउसकडे गेला.

"थांबा. रुग्णालयाकडे जुनी यादी अजून थोडा वेळ राहील. आत्ता पाठवलंत तर चौथ्यांदा परत येईल."

अकरा माणसं बाकांवर बसलेली असताना हात बांधून थांबणं हे मी आजवर पाहिलेल्या कामांतलं सर्वांत अवघड काम होतं. दाजींनी ते केलं. साहेब पुन्हा दारात आले, दाजींकडे पाहत आत येऊन उभे राहिले. तीन चाळीसला दाजींनी एक ओळीचं साधं पत्र पाठवलं. ते परत आलं नाही. मग म्हणाले, "आता तुमचा. एकदाच."

तीन सत्तेचाळीसला सिस्टरांचा फोन. "आला! डॉक्टरांनी बघितला. खात्रीसाठी आकडे वाचते, हो म्हणा." त्यांनी वाचले, मी हो म्हटलं. मागे खुर्च्या सरकल्याचे, कुणाला तरी हाताला धरून उठवल्याचे आवाज आले. सिस्टर माझ्याशी बोलता बोलताच कुणाला तरी म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही आता," आणि फोन ठेवायला विसरून निघून गेल्या. मी बराच वेळ ऐकत राहिले.

साहेबांनी घसा खाकरला. "दाजी... मघाशी मी जरा..."

"अहो, ड्रायव्हरला आधी परत बोलवा," दाजी म्हणाले. मग वहीचं नवं पान काढून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या मजल्यावर अजून कुठली यंत्रं मेल पाठवतात?"

"पाच," मी म्हणाले. "निदान मला माहीत असलेली." आणि त्यांच्याआधी जिना चढू लागले.