गळक्या तोटीची किटली

सोमवारी थेल्माच्या हातून किटली फुटली. विसळून ओट्याच्या कडेला पालथी घातली होती. फडकं ओढलं, त्याबरोबर ती फरशीवर गेली. बाहेरून तपकिरी, आतून पंचावन्न वर्षांच्या चहाने काळीभोर झालेली. थेल्माने तुकडे गोळा केले, पण टाकवेनात.

तिचा नवरा नॉरिस आता बरंच विसरला होता. मुलीचं नाव, घराकडे येणारं वळण, कधीकधी थेल्मासुद्धा. पण चार वाजले की तो उठे, गरम पाण्याने किटली शेकून घेई, दोघांचे दोन आणि किटलीचा एक असे तीन चमचे पूड टाकी आणि चहा ओती. दिवसभरात कुणी न सांगता तो एवढंच करी. सोमवारपासून मात्र तो फडताळ उघडून रिकाम्या जागेकडे बघे आणि परत खुर्चीत येऊन बसे. काल गुरुवारी तर तो उठलाच नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळी शेजारणीला त्याच्याजवळ बसवून थेल्मा स्किप्टनच्या बाजारात एनिडच्या दुकानी गेली. एनिड तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"तपकिरी, चार कपांची. आधीच्यासारखीच हवी."

"सगळ्या सारख्याच असतात गं."

"नसतात. पाणी आण जरा."

थेल्माने औषधांच्या दुकानात जन्मभर थेंब मोजले होते. तिने एकेक किटली भरली, उचलली, वाकवली, झाकण हलवून पाहिलं.

"नवरा निवडताना एवढं तपासलं होतंस का?" एनिड म्हणाली.

"तेव्हा पाणी ओतून बघायची सोय नव्हती."

"ही घे. झाकण पडत नाही, तोटीतून थेंब गळत नाही. याहून चांगली मिळायची नाही."

खरोखरच चांगली होती. थेल्माने ती पुन्हा वाकवली. धार तुटली, तोटी कोरडी राहिली. तिला लग्नानंतरची पहिली सकाळ आठवली: भाड्याची ओलसर खोली, आईने दिलेलं पांढरं टेबलक्लॉथ, आणि त्यावर जुन्या किटलीच्या तोटीतून पडलेला चहाचा थेंब. ती केवढी ओरडली होती! दुसऱ्या दिवसापासून नॉरिस अंगठ्याने झाकण दाबून चहा ओती, शेवटी मनगट स्वतःकडे वळवी आणि डाव्या हाताच्या बोटावर थेंब झेलून चाटून टाकी. रोज. त्याच्या लेखी चहा तिथे संपे.

या किटलीपाशी ते बोट वाटच बघत राहील.

तिने किटली खाली ठेवली. "गळणारी आहे का एखादी?"

"काय?"

"दर वेळी एकच थेंब. जास्त नको."

"थेल्मे, तीस वर्षं दुकान चालवतेय. गळकी किटली मागणारी तू पहिलीच."

"आहे की नाही, ते सांग."

एनिड मागच्या फळीवरून खोट असलेल्या तीन किटल्या घेऊन आली. पहिलीतून धारच लागली, दुसरी कोरडी. तिसरीच्या तोटीवर धार तुटल्यावर एक थेंब जमला, थांबला आणि पडला. थेल्माने पाच वेळा ओतून पाहिलं. पाचही वेळा पडला.

"नॉरिससाठी?" एनिडने हळूच विचारलं. थेल्माने मान डोलावली. पुढे एनिडने थट्टा केली नाही. किटली दुहेरी कागदात बांधून दिली.

चारला दहा मिनिटं असताना थेल्माने किटली फडताळात जुन्या जागी ठेवली, पाणी तापवलं आणि वर्तमानपत्र उघडून बसली. चार वाजले. नॉरिस खिडकीबाहेर बघत होता. चार वाजून पाच मिनिटं झाली.

"तहान लागलीय रे," ती म्हणाली. हे तिला आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला. फडताळ करकरलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग किटलीत घोळवलेलं पाणी मोरीत पडल्याचा आवाज आला. चमचा डब्यावर वाजला. एक. दोन. थेल्माने श्वास रोखला. तीन.

त्याने ट्रे आणून ठेवला. अंगठा झाकणावर गेला. कप भरला, मनगट वळलं, तोटीवर थेंब जमला. खाली बोट होतं.

नॉरिसने ते चाटलं. "कापड वाचलं गं, पोरी," तो म्हणाला.

टेबल उघडंच होतं. ते कापड विरून कितीतरी वर्षं झाली होती.

"थोडक्यात वाचलं," थेल्मा म्हणाली आणि तिने कप जवळ ओढला.