उलटा पुठ्ठा

उभा जन्म छापखान्यात पुस्तकं शिवण्यात गेलेल्या बाइंडरबाईंना एका गोष्टीचा काही केल्या उलगडा होत नव्हता. घरात कोणी गेलं नव्हतं, कोणी आजारी नव्हतं, सुनेशी नेहमीपेक्षा जास्त वाजलंही नव्हतं. तरी दोन महिने झाले, प्रार्थना म्हणून येईना. डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि आत सगळं सामसूम. कारण असतं तर देवाशी दोन शब्द भांडल्या तरी असत्या. आता भांडायचं तरी कशावरून?

चर्चमधली गीतांची फाटकी पुस्तकं दर शनिवारी सकाळी त्याच शिवायच्या. या शनिवारी त्यांनी त्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली ती परत द्यायलाच. पाळकांना सांगायचं, आजपासून मी येत नाही, कामाला नाही आणि उपासनेलाही नाही. ढोंग करणं बाईंना जन्मात जमलं नव्हतं.

पण पाळकांनी तोंडच उघडू दिलं नाही.

"बरं झालं आलात, बाई," ते हळूच म्हणाले. "कंपाउंडरकाकांचा विश्वास डळमळलाय. कुठे बोलू नका. आज त्यांना तुमच्याबरोबर बसवतो. जरा धीर द्या."

घ्या. स्वतःचा डबा रिकामा, आणि वाढायचं दुसऱ्याला. बाई किल्लीचं बोलायला गेल्या, तोवर पाळक शेजारच्या खोलीत शिरलेसुद्धा.

दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडरकाका बाह्या सारून समोर बसले. त्यांनी पुस्तक धरलं, बाईंनी शिवलं. मग खळ लावून नवा पुठ्ठा चढवला. इथली जुनी रीत अशी, की दोघांनी चारही हातांनी पुठ्ठा दाबून धरायचा आणि खळ धरेपर्यंत डोळे मिटून एकमेकांसाठी प्रार्थना करायची. आधी बाईंची पाळी.

"प्रभू," बाई म्हणाल्या आणि अडल्या. "या काकांना सांभाळ. त्यांना काय होतंय ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर बघ."

काकांनी जोरात आमेन म्हटलं आणि लगेच सुरुवात केली. "प्रभू, या ताईंचा विश्वास डळमळलाय. त्यांना उभं कर."

बाईंनी खाडकन डोळे उघडले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाळकांनी. मला म्हणाले, धीर द्या."

"अहो, मला तर तुमचं सांगितलं."

"माझं?" काका बघतच राहिले. "माझं काय झालंय? मी बरा आहे." मग पुटपुटले, "म्हणजे, होतो बरा. आता तुम्ही म्हटल्यावर खात्री वाटेना."

बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. राग यावा तर पाळकांनी त्यांच्याबद्दल सांगितलं ते खरंच होतं. पण बाईंनी ते जिवंत माणसाला कळू दिलं नव्हतं. मग पाळकांना कळलं कसं? त्यांनी उठून शेजारचं दार ढकललं.

दारामागेच पाळक उभे होते, भिंतीला टेकून. ऐकत होते.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "तुमच्या दोघांचंही मला काही ठाऊक नव्हतं. डळमळलाय तो माझा. रविवारी बोलतो ते नुसतं तोंडपाठ. तुम्ही प्रार्थना कराल, निदान ती तरी कानावर पडेल, म्हणून बसवलं. माझं नाव घ्यायची लाज वाटली, तुमची नावं घेतली."

काकांनी उगाच हातातलं पुस्तक उघडलं.

"ताई, पुठ्ठा उलटा चिकटलाय," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी पुठ्ठा सोलून काढला, पुन्हा खळ लावली, आणि पाळकांना पायाने स्टूल सरकवून दिलं.

"बसा. धरा घट्ट."

सहा हात पुठ्ठ्यावर आले. आता पाळी पाळकांची, पण त्यांचे ओठ नुसते हलले. मग बाईच बोलल्या.

"प्रभू, आम्ही तिघं आहोत. कोण कुणाला धरतंय, काही कळेना. पण हात सोडत नाही."

यातलं किती देवाशी आणि किती या दोघांशी, ते त्यांना सांगता आलं नसतं. खळ कधीच वाळली होती. किल्ली पर्समध्येच होती.