आवाज घालणार नाही

केटा या किनाऱ्यावरच्या गावातल्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी दुभाषी आहे. पाहुणे बोलले की मी हातांनी सांगतो, मुलं हातांनी बोलली की मी तोंडाने. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा, त्यामुळे ही खुणांची भाषा मी घरच्या एवे बोलीच्या जोडीनेच शिकलो.

संगणक शिकवतात एसिनाम मॅडम. लहानपणी तापात त्यांचे कान गेले. त्यांच्या वर्गात मुलं व्हिडिओ गेम बनवतात. पडद्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे: बाण दाबला तर चाल, भिंत लागली तर थांब. बारा वर्षांची काफुई त्यात सगळ्यांच्या पुढे, आणि भांडणातही.

काफुईच्या गेममध्ये एक मुलगी बाजाराला जाते. विक्रेत्या बोलतात, त्यांच्या तोंडातून फुगे निघतात, पण फुग्यांत नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या. खरं बोलणं असतं त्यांच्या हातांत. हात वाचले तर कुठली टोपली उचलायची ते कळतं. नाही वाचले तर मुलगी रिकाम्या हाताने घरी.

हात जिवंत करणं सोपं नव्हतं. आधी दोनच चित्रं केली, तर मासेवाली डास मारतेय असं दिसलं. वर्ग हसून लोळला. ‘मावशी, मलेरिया झाला का?’ वर्गातल्या एडेमने पडद्याला विचारलं. मग काफुईने मोबाईलसमोर स्वतःचे हात हलवले, मॅडमनी फोटो काढले, आणि त्यांवरून तिने एकेक चित्र रेखाटलं: अंगठा कधी वळतो, मनगट कुठे थांबतं. एके सकाळी मासेवाली चक्क म्हणाली, ‘ओला संपला, सुका घे.’ मुलं पडद्याला चिकटली. आपल्या भाषेत बोलणारं चित्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

शाळाशाळांमधली गेम बनवण्याची स्पर्धा जवळ आली, तेव्हा तिचे संयोजक क्वार्शी साहेब शाळेत आले. माणूस हसतमुख. गेम खेळले, हरले, पुन्हा हरले.

“छान आहे हो,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पण आवाज कुठाय? आवाजाला गुण आहेत. थोडं संगीत घाला, आणि फुग्यांत इंग्रजी लिहा. परीक्षकांना कळायला नको? नाहीतर असं करू, यांना स्पर्धेतच नको. वेगळं टेबल देतो, विशेष मुलांचं. सगळ्यांना पदक, कुणी रडायला नको.”

मी सगळं हातांनी सांगितलं. मॅडम हसल्या, त्यांनी मान हलवली. साहेब काफुईच्या डोक्यावर टपली मारून गेले.

काफुई मॅडमसमोर उभी राहिली. ‘मान का हलवली?’

‘पाहुणे होते गं.’

‘तुम्हाला पटलं?’

‘नाही.’

‘मग?’

मॅडम बाकावर बसल्या. ‘सवय आहे. समोरचे ओठ हलले की आपली मान हलते. कळो न कळो.’

‘माझी नाही हलत. बाजारात मला कुणी फुग्यात लिहून देतं का? न कळणं म्हणजे काय, ते त्यांनाही कळू दे.’

‘आणि संगीत घातलं,’ एडेम मध्येच म्हणाला, ‘तर ते वाजतंय का बिघडलंय, ते बघणार कोण?’ त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘हा सेन्योदादा? तो तर बेसूर आहे!’

मॅडम खळखळून हसल्या. मग त्यांनी साहेबांना मोबाईलवर लिहिलं: ‘आम्ही स्पर्धेत आहोत. आवाज घालणार नाही.’

साहेबांनी मला फोन केला. “तुमच्या मॅडमना जरा समजावा.”

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ‘सांग त्यांना, समजलंय.’

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात ही गडबड. आमचं टेबल दाराजवळ, एका बाजूला टाकलेलं. मॅडमनी त्याचं एक टोक धरलं, मुलांनी दुसरं, आणि टेबल उचलून सरळ रांगेत, दोन शाळांच्या मध्ये नेऊन ठेवलं. क्वार्शी साहेब धावत आले. “अहो, हे काय चाललंय?” या वेळीही मॅडमची मान हलली, पण आडवी.

परीक्षकबाई निवृत्त मुख्याध्यापिका. खेळायला बसल्या, फुगे दाबत सुटल्या, हरल्या. माझ्याकडे वळल्या. “ही मासेवाली काय म्हणतेय?”

मी तोंड उघडणार, तोच काफुईने खुणावलं: ‘दादा, हात खिशात. तोंडही बंद.’

मी हात खिशात घातले.

“तुम्ही दुभाषी ना?”

“हो बाई. पण आज ती नको म्हणतेय.”

“हा उद्धटपणा आहे!” साहेब ओरडले. बाई उठून गेल्या.

शेजारच्या टेबलावरची यायरा हे बघत होती. तिचा अवकाशयानाचा गेम धडाम धडाम वाजत होता. ती येऊन बसली, हरली, ओठ चावला, परत हरली. मग फुगे सोडून हात बघू लागली. तिने भुवया उंचावून काफुईला विचारलं. काफुईने तीच खूण सावकाश करून दाखवली. यायराने नक्कल केली, आणि एडेम पोट धरून हसला. ‘ही म्हणाली, माझ्या आजीला तळा!’ मी ते तिला सांगितलं नाही, तरी ती हसली. तिने पुन्हा हात फिरवला, पुन्हा खेळली, आणि बरोबर टोपली उचलली. पडद्यावरची मुलगी उड्या मारू लागली.

मग पोरांची रांग लागली. थोड्या वेळाने पाहतो तो परीक्षकबाई त्याच रांगेत, पोरांच्या मागे. त्या मासेवालीपर्यंत पोचल्या आणि तिथेच अडकल्या. त्यांनी काफुईकडे बघून विचारलं, “बाजारात तुझं रोज असं होतं?”

काफुईने माझ्याकडे पाहिलं, आता सांग म्हणून मान डोलावली. मी खिशातून हात काढले आणि प्रश्न तिला सांगितला.

‘रोज,’ ती म्हणाली. ‘पण तुम्हाला परत पहिल्यापासून खेळता येतं.’

पहिलं बक्षीस यायराच्या यानाला मिळालं. आम्हाला आवाजात शून्य, क्रमांक कुठलाच नाही. शेवटी साहेबांनी आमच्या मुलांना मंचावर बोलावलं. हातात पदकं होती, विशेष कौतुकाची. काफुईने त्यांचा हात वाटेतच अडवला आणि सभागृहाकडे तोंड करून बोलू लागली. मी मोठ्याने सांगत गेलो: “हरलो ते मान्य. पण हे पदक कशाचं? ऐकू न येण्याचं?”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. ती खाली उतरली. बाकीची मुलंही तिच्यामागे.

परतीच्या गाडीत आम्ही मक्याच्या पिठाचा वाफवलेला आबोलो आणि तळलेले छोटे मासे खाल्ले. एडेम हळहळत होता. ‘चकाकत होतं गं पदक.’ काफुई खिडकीकडे तोंड करून बसलेली. मॅडमनी तिचा खांदा हलवला. ‘रडतेस?’

‘नाही.’ डोळे लालच होते. ‘मासेवालीच्या मनगटात एक चित्र कमी पडलं. बाई तिथेच अडकल्या. त्यात त्यांची चूक नाही, माझी आहे. मोबाईल द्या.’

आणि खड्ड्यांतून आदळणाऱ्या त्या गाडीत ती हात हलवू लागली, मॅडम फोटो काढू लागल्या. शेजारी बसलेल्या एका कांदेवाल्या आजींच्या नाकाला कोपर लागलं, त्या खेकसल्या. काफुईने त्यांना मागे सरकायची खूण केली आणि मनगट पुन्हा वळवलं.