झेंडूच्या माळेखालची वायर

मित्रांनो, कपाळावर वाळलेलं कुंकू घेऊन अडगळीत पडलेला मी एक जुना राऊटर आहे. भरतने मला मंचरच्या दुकानातून कळंबला आणलं, ते काही सिनेमे बघायला नव्हे. घराला खेटून ऊस होता आणि उसात बिबट्या. अंगणात काही हललं की कॅमेरा टिपायचा, मी ते इंटरनेटवर पोचवायचो आणि घरातला मोबाईल वाजायचा. तो वाजला की भरतची आई सरूबाई उंबऱ्याच्या आतच थांबायची. "ह्यो डबा हाय म्हणून बरंय," म्हणत पदराने माझी धूळ पुसायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

खंडेनवमीला भरतचे वडील भिमाजी म्हणाले, "राखणदार हाय त्यो. कोयत्या-खुरप्यासंगं त्याचीबी पूजा व्हऊ दे." वायरी उपसून मला पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग भरतने घाईघाईत वायरी परत खोचल्या. इंटरनेटची वायर भलत्याच भोकात गेली आणि वरून माळेने ती झाकून टाकली.

माझा दिवा लाल झाला. मला तेवढंच बोलता येतं. भरतने मला बंद-चालू केलं, वर दोन चापट्याही दिल्या. कंपनीला फोन लावला, तर वायर तपासा म्हणाले. त्याने ती ओढून पाहिली. "घट्ट तर हाय! सणाचं कोण येतंय आता? उद्या बगू." पूजेची माळ कोण हलवणार? आणि आता मोबाईल वाजणार नाही, हे सरूबाईला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दिवस मावळताना गाय हंबरू लागली. सून स्नेहल म्हणाली, "आत्या, जरा थांबा की."

"अगं, मोबाईल कुठं वाजलाय? अंगण मोकळं हाय," म्हणत सरूबाई वैरणीची पेंढी घेऊन बाहेर पडली.

कॅमेऱ्याने बिबट्या टिपला. माझ्यापर्यंत आणून दिला. पुढे न्यायला मला वाटच नव्हती. मी नुसता लाल दिवा दाखवत बसलो. बिबट्याच्या झडपेत सरूबाई गेली.

दुसऱ्या दिवशी सुतकाच्या घरात फुलं नकोत म्हणून भरत माळा काढत होता. माझी माळ काढली आणि त्याला ती वायर दिसली. त्याने ती जागेवर घातली. माझा दिवा हिरवा झाला. अंगणात सरूबाईच्या मातीला माणसं जमली होती, त्यांच्या हालचालीने मोबाईल वाजू लागला. वाजतच राहिला.

"आये, वाजला गं," भरत म्हणाला.

मित्रांनो, माझी पूजा नका करू. दिवा लाल दिसला, तर मी बंद आहे एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगा. सरूबाईला तेवढंच कळायला हवं होतं.