आईच्या वाक्यातली रिकामी जागा

पक्षाघातानंतर आईला शब्द सापडेनासे झाले. ताई भाषाशास्त्र शिकवते, धाकटा भाऊ प्रोग्रॅमिंगच्या भाषा तयार करतो. अर्धवट लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्या पद्धतीत बंद पडत नाही. 'इथे संख्या हवी' एवढं सांगून संगणक तेवढी जागा रिकामी ठेवतो. तीच पद्धत दोघांनी आईच्या बोलण्याला लावली. ती बोलली की पडद्यावर तिचे शब्द येत आणि मध्ये चौकट: 'ठिकाण', 'माणूस'. चौकट आईनेच भरायची, कितीही वेळ लागो. ही अट ताईची.

परगावची परिषद आटोपून ताई सोमवारी भावाच्या घरी आईच्या खोलीत आली, तेव्हा देखभालीला येणारी सिस्टर कपाट रिकामं करत होती.

"उद्या शुश्रूषागृहात हलवायचंय ना, कायमचं! आजींनी स्वतःच सांगितलं की, तुमच्या त्या यंत्रावर."

पडद्यावर सलग वाक्य होतं: 'मला शुश्रूषागृहात राहायचं आहे.' ताईने मूळ आवाज लावला. "मला... राहायचं..." आणि मग नुसता श्वास.

भाऊ चहा घेऊन आत आला.

"चौकट तू भरलीस?"

"मी नाही गं, प्रोग्रॅमने. आजूबाजूच्या बोलण्यावरून अंदाज करतो आता."

"आजूबाजूला कोण बोलत होतं?"

"मी आणि डॉक्टर. आठवडाभर तोच विषय."

"वा रे शहाण्या! तुला ती जड झाली, तर स्वतःच्या तोंडाने म्हण. तिच्या तोंडी कशाला घालतोस?"

"तुझं आपलं तत्त्व. तत्त्व काय तिला अंघोळ घालतं?"

ताईने प्रोग्रॅमचा अंदाज बंद केला आणि पलंगाशी बसली.

"आई, कुठे राहायचंय? माझ्याकडे?"

विचारताना तिला कळलं, ही चौकट आपणही आपल्याच शब्दाने भरतोय. आईने मान हलवली. नाही.

"शुश्रूषागृहात?"

पुन्हा नाही, मान आणखी जोरात हलली. मग आईचा डावा हात सावकाश उचलला गेला आणि त्याने मुलाची बाही धरली.

"ह्या... ह्याच्या..."

पडद्यावर उमटलं: 'ह्याच्या', आणि पुढे रिकामी चौकट.

भावाने आईकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं.

"बघ, वाक्य अपुरं आहे," तो म्हणाला. "आपण कसं भरणार?"

आणि त्याने बाही सोडवून घेतली.