दोन पासपोर्ट आणि एक तीट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी काजळाची डबी आहे. लिंबाएवढी काया, वर कळीच्या आकाराचं झाकण आणि त्या झाकणाला एक पोचा. माझ्यासारखी डबी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलीसुद्धा नसेल. असू द्या. मी काही रडगाणं गायला बसलेली नाही. मी घेतलेल्या सुडाची गोष्ट तुम्हाला सांगणार आहे, आणि ती आठवली की माझं झाकण अजून आनंदाने खुळखुळतं.

सोलापुरातल्या एका तांबटाने मला घडवलं. त्याचा हात असा की एका ठोक्यात घागर व्हायची आणि त्या ठोक्याचा जो आवाज उरायचा त्यात डबी व्हायची. मी त्या उरलेल्या आवाजातली. होटगीच्या एका बाईने मला विकत घेतलं आणि आपल्या लेकीच्या, म्हणजे निंगव्वाच्या रुखवतात ठेवलं. अशी मी निंगव्वाबरोबर पुन्हा सोलापुरात आले.

तिला मुलगा झाला, सोमशेखर, आणि माझी खरी नोकरी सुरू झाली. एरंडेल तेलाचा दिवा लावायचा, त्यावर वाटी पालथी घालायची, वाटीला धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची आणि माझ्या पोटात भरायची. रोज आंघोळ झाली की निंगव्वा माझ्यात करंगळी बुडवायची आणि पोराच्या डाव्या गालावर तीट लावायची. माझं काजळ किती काळं होतं म्हणून सांगू! एकदा होटगी स्टेशनावर ती पोराला कडेवर घेऊन उभी होती, तर समोरून येणाऱ्या इंजिनाच्या ड्रायव्हरने ती तीट बघितली आणि बोगदा आला समजून लांब शिटी मारली. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो आता हयात नाही, ही माझी चूक नव्हे.

त्या काळी माझं फार कौतुक होतं. गल्लीतल्या बायका बाळंतिणीसाठी मला मागून न्यायच्या आणि परत देताना झाकणाला हळदकुंकू लावायच्या.

मग सोमशेखर मोठा झाला. इंजिनिअर झाला, कॅनडाला गेला, तिथला नागरिक झाला आणि पुढे नोकरीसाठी अमेरिकेत राहू लागला. एका दिवाळीला तो घरी आला आणि मिक्सर दुरुस्त करायला बसला. त्याला स्क्रू ठेवायला काहीतरी हवं होतं. त्याने मला उघडलं, "कसली काळी घाण ही" म्हणाला, माझं पोट वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसलं आणि माझ्यात स्क्रू भरले. वर हातोडी सापडेना म्हणून माझ्याच झाकणाने भिंतीत खिळा ठोकला. पोचा तो त्या दिवसाचा. मिक्सर तर चालू झालाच नाही.

मित्रांनो, पितळ काही विसरत नाही. ते फक्त हिरवं होतं. मी कोनाड्यात हिरवी होत बसले आणि वाट बघू लागले.

संधी आली ती त्याला मुलगी व्हायच्या वेळी. सूनबाई दानेश्वरीच्या बाळंतपणाला निंगव्वा अमेरिकेला निघाली. तिने माझ्यातले स्क्रू फडक्यात बांधून ठेवले, मला चिंचेने लख्ख घासलं, नवं काजळ भरलं आणि शेंगाचटणीच्या डब्यात दडवलं. विमानात दोन रांगा पुढचा माणूससुद्धा शिंकत होता, पण मला कुणी पकडलं नाही.

मुलगी झाली. नाव ठेवलं आरोही. जन्म अमेरिकेतला, म्हणून ती अमेरिकेची. बाप कॅनडाचा, म्हणून ती कॅनडाचीही. अजून कुशीवर वळता येत नव्हतं आणि पोरीला दोन देश मिळाले होते. पहिल्या पासपोर्टच्या फोटोला निघताना निंगव्वाने सवयीने तिच्या डाव्या गालावर करंगळी टेकवली. त्या दिवशी मी माझा सगळा काळेपणा त्या एका ठिपक्यात ओतला. आईबाप गडबडीत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही.

पासपोर्ट घरी आला तेव्हा सोमशेखरने तो फोटो पाहिला आणि सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "अव्वा, हे गावंढळपण हितं चालत नाही. लोक हसतात."  निंगव्वा बाथरूममध्ये जाऊन आपली करंगळी साबणाने बराच वेळ धूत राहिली. मी ते पाहिलं. तिथून माझ्या खात्यात माझा एक आणि तिचा एक, असे दोन सूड जमा झाले. कॅनडाच्या पासपोर्टच्या फोटोला मात्र सोमशेखर स्वतः पहारा देत उभा राहिला. गाल स्वच्छ, फोटो स्वच्छ. अशी एका पोरीची दोन देशांत दोन तोंडं झाली.

पुढे कंपनीने सोमशेखरला पूर्वेकडच्या एका देशात धाडलं. देशाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला बिघडवायचं नाही. घराची सोय होईपर्यंत दानेश्वरी आणि आरोही निंगव्वाबरोबर सोलापुरात येऊन राहिल्या, आणि मी परत माझ्या कोनाड्यात. बाप रोज फोनवर दिसायचा. आरोही त्याच्याकडे बघून हसायची आणि मग फोन उलटा करून मागे बाप कुठे आहे ते शोधायची.  शेवटी रजा काढून तो दोघींना न्यायला आला. दानेश्वरीचा व्हिसा झालाच होता. राहिला होता पोरीचा.

नवी पेठेत कापडाच्या दुकानावरच्या माडीत चनमल्लप्पा नावाचे एजंट बसतात. त्यांनी आरोहीचा अर्ज भरला. ओळखीची खूण काय, असं विचारलं होतं. त्यांनी अमेरिकेच्या पासपोर्टमधला फोटो बघितला आणि लिहिलं, डाव्या गालावर काळा तीळ. सोबत नवा फोटो लावला. तो स्वच्छ गालाचा. अर्ज गेला तसा परत आला. सोमशेखरची रजा संपत आली होती.

चनमल्लप्पा पान जुळवत म्हणाले, "साहेब, ते व्हिसावाले विचारतात, पोरगी एक हाय का दोन?"

सोमशेखर म्हणाला, कॅनडाच्या पासपोर्टवर काढा, त्यात गाल स्वच्छ आहे.

"ती भारतात आली कुठल्यावर? ह्या अमेरिकेच्यावर. भायेर जाणार ती बी ह्याच्यावरच. आणि त्या दुसऱ्यावर काढला तरी अर्जात दोन्ही दाखवावे लागतात की. दोन देशांची हाय म्हणून दोन गाल घेऊन फिरंल व्हय?" मग त्यांनी पान तोंडात टाकलं आणि उपाय सांगितला. गालावर जे लावलं होतं तेच, तसंच, तिथंच लावून एक फोटो काढा. पुसून दुसरा काढा. मी दोन्ही पाठवतो आणि खरं काय ते लिहितो.

घरी प्रयोग सुरू झाले. दानेश्वरीची काजळपेन्सिल लावली तर ठिपका तपकिरी आला. बाजारातली काजळकांडी लावली तर पोरीने हात फिरवला आणि तिला दाढी आली. सोमशेखरने बॉलपेन उचललं तेव्हा दानेश्वरीने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तिला हसू आवरत नव्हतं. मी कोनाड्यातून सगळं बघत होते. एवढी करमणूक मला कधी झाली नव्हती.

शेवटी तो आईपुढे येऊन बसला. निंगव्वा तुरीची डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"अव्वा, तीट लाव की जरा."

"मला कुटं येतंय बाबा. गावंढळ बाईचं काम. साहेब लोक हसले मजी?"

 आरोही रांगत आली आणि त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. तिला सावरत तो म्हणाला, "परत एकट्यानं नाही जायचं मला. मग तू सांग, मी लावतो."

निंगव्वाने डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "आदी डबी घास," ती म्हणाली.

मित्रांनो, आता माझा सण ऐका. इंजिनिअरने मला चिंचेने घासलं, पोच्यातसुद्धा बोट घालून घासलं. एरंडेलाचा दिवा लावून तो समोर मांडी घालून बसला. वाटी तापली, बोट भाजलं, काजळी उडून नाकावर बसली. तूप जास्त झालं म्हणून निंगव्वाने सगळं पुन्हा करायला लावलं. काजळ भरून झाल्यावर मी झाकण असं आवळून धरलं की त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली. तो कंटाळून मलाच म्हणाला, "उघड की गं बाई." तरी मी उघडले नाही. त्याने असं आणखी दोनदा विनवलं, तेव्हा कुठे निंगव्वाने मला हातात घेऊन झाकणावर टिचकी मारली.

त्याने करंगळी बुडवली आणि पोरीच्या उजव्या गालाकडे नेली.

"तुझा डावा न्हाय. तिचा डावा," निंगव्वा म्हणाली.

स्टुडिओत आरोही बापाच्या काळ्या नाकाकडे बघून खदखदत राहिली. फोटोत तोंड मिटलेलं हवं होतं, म्हणून फोटोग्राफरने त्याला नाक पुसून ये म्हणून सांगितलं. ते काही एका धुण्यात निघालं नाही.

व्हिसा आला. चनमल्लप्पांनी कागद देताना एक ताकीद दिली, की तितं उतरताना गालाला तीट असू द्या, फोटोत हाय तर तोंडावर पायजे. झालं. मला सोबत नेल्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही, आणि तेही चटणीत दडवून नव्हे, सोमशेखरच्या शर्टाच्या खिशात. विमानतळावर तपासणीच्या बाईने मला उघडून विचारलं, हे काय, आणि बाळाला लावतं कोण? साहेबांनी मान खाली घालून सांगितलं, "मी लावतो."

आता मी त्या नाव न सांगितलेल्या देशात, आरशासमोर, चांगल्या जागी राहते. ताकीद फक्त विमानतळापुरती होती, पण निंगव्वाला ते कोण सांगणार? ती रोज सकाळी फोनवर तपासणी करते. "काल लई फिकी हुती, नीट लाव," म्हणते. सोमशेखर निमूट पुन्हा करंगळी बुडवतो. आरोही आजीकडे बघून हसते आणि मग फोन उलटा करून मागे आजी कुठे आहे ते शोधते. निंगव्वा तिकडून आपली करंगळी काचेवर टेकवते. 

सोलापुरात स्क्रूंची ती पुरचुंडी मिक्सरच्या शेजारी अजून तशीच ठेवली आहे. पुढच्या दिवाळीला ते स्क्रू सोमशेखरने बसवायचे आहेत, असा निंगव्वाचा हुकूम आहे.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेलात की कोनाडे बघा. माझी एखादी बहीण पोटात खिळे घेऊन बसली असेल. तिला रिकामी करा, घासा, आणि तिच्यात कधीकाळी बोट बुडवणारं माणूस घरात असेल तर त्याच्या हातात द्या. नाही केलंत तरी माझं काही म्हणणं नाही. तुमचाही फोटो कधीतरी निघणारच आहे.